जेवूनच जायचं

चार दिवसांची रजा काढून कोल्हापूरला जायचं म्हणजे हाताशी आठ जेवणं. त्यातलं पहिल्या रात्रीचं घरचं, कारण आल्या-आल्या बाहेर जेवलं तर आईचा चेहरा उतरतो. निघायच्या दिवशी दुपारचंही घरचंच, बॅगा भरता भरता. एक गावाकडचं. राहिली पाच. आता पै-पाव्हण्यांची घरं मोजावीत. दोन आत्त्या, तीन मामा, चुलत भावंडांची सहा बिऱ्हाडं, एक मावशी, सासरकडची चार. झाली सोळा. पाच जेवणं आणि सोळा घरं. सगळ्यांना भेटून येणं हे मायेचं काम आहे हे खरंच, पण त्याआधी ते त्रैराशिक आहे. निघण्याआधी ते मांडलं नाही तर शेवटच्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज सोडायच्या आत तीन फोन येतात. "आमच्याकडं नाही व्हय आलासा?"

येणार असल्याचं सांगायचं कुणाला आणि कसं, इथंच पहिली चूक होते. घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'शनिवारी येतोय' असं टाकलं म्हणजे सांगितलं, असं कोल्हापुरात कुणी धरत नाही. ग्रुपवर टाकलेलं सगळ्यांना असतं, म्हणजे कुणालाच नसतं. फोन करावा लागतो, आणि पहिला फोन वयानं सगळ्यांत मोठ्या माणसाला. कोणाला आधी कळलं हे तासाभरात सगळीकडं होतं. थोरल्या काकींना ही बातमी धाकट्या जावेकडून कळली, तर पुढचे चार दिवस कितीही धावलं तरी ते भरून निघत नाही. दुसरं, "किती दिवस हाईस?" या प्रश्नाला सगळीकडं एकच उत्तर द्यावं. एका घरी तीन आणि दुसऱ्या घरी पाच सांगितले की मधले दोन दिवस कुणाच्या वाटणीला गेले याची चौकशी सुरू होते.

पाच जेवणांची वाटणी करताना मान पहिल्यांदा वयाचा. मग गेल्या खेपेला ज्यांच्याकडं जाणं राहिलं त्यांचा. मग वर्षभरात ज्यांच्याकडं लग्न किंवा वास्तुशांत झाली आणि आपण पोचलो नाही त्यांचा. उरलेल्या घरी चहा. चहालाही पायऱ्या आहेत. नुसता चहा चाळीस मिनिटं घेतो. पोहे आले की तास. 'बस की, भजी सोडते' म्हणून तेल तापायला ठेवलं की पुढच्या घराचं वेळापत्रक मोडलं असं समजावं. दिवसाला चहाची चार घरं हा माणसाच्या पोटाचा अंदाज आहे. पाचव्या घरी कप पुढं आल्यावर नको म्हणण्यापेक्षा घरात पाऊल टाकतानाच 'अर्धा कपच, मामी' म्हणून सांगितलेलं बरं, कारण ओतलेला चहा परत पातेल्यात जात नाही.

आणि जिथं दुःख झालंय ते घर या वाटणीत धरायचं नाही. वर्षभरात ज्यांच्याकडं मयत झाली तिथं पहिल्या दिवशी, शक्यतो सकाळी, बाकी कुठंही जाण्याआधी जावं. तिथं जेवण नाही, पेढे नाहीत, उठताना 'येतो' म्हणायचं नाही, नुसतं उठायचं. काही घरांत अशा भेटीला वार बघतात, तेव्हा घरच्या मोठ्यांना आधी विचारून घ्यावं. गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी. पुढच्या घरच्या बारशासाठी घेतलेला पेढ्यांचा बॉक्स हातात तसाच राहतो आणि दुखवट्याच्या घरी सोप्यात सगळ्यांसमोर टेकवला जातो. तो गाडीत ठेवून उतरायचं, एवढंच.

शहराचा नकाशा या कामात फार मदत करत नाही. जुन्या पेठांतल्या पत्त्यांवर ए पासून ई पर्यंत वॉर्ड लिहिलेले असतात, पण घर सापडतं ते तालमीवरून. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत तालमीचं नाव आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाचं नाव सांगितलं की कट्ट्यावरचा पोरगा दारापर्यंत सोडायला येतो. वर आपण कोण, कुठं असतो, कोणाचे कोण, हेही विचारून घेतो. म्हणजे आत जायच्या आधीच गल्लीला आपण आल्याचं कळलेलं असतं. पेठांतली घरं एका दिवसात आणि चालतच करावीत. मिरजकर तिकटीपासून गंगावेशीपर्यंतच्या बोळांत चारचाकी घालून जागा शोधत फिरण्यात एक अख्खं घर बुडतं. राजारामपुरी सोपी, तिथं गल्ल्यांना नंबर आहेत. अवघड झालंय ते नव्या उपनगरांचं. कळंबा, पाचगाव, आर. के. नगर, फुलेवाडी, उचगाव. वाटण्या झाल्या तशी एकेक बिऱ्हाडं पेठेतून निघून चारही दिशांना गेली. पूर्वी एका वाड्यात एका दुपारी उरकणाऱ्या भेटीला आता दोन दिवस आणि पाऊण टाकी पेट्रोल लागतं. म्हणून नात्याच्या नव्हे, रस्त्याच्या क्रमानं यादी लावावी. एका दिवशी एकच दिशा.

वाराचंही बघावं लागतं. कोल्हापूर म्हणजे रोज मटण असं बाहेरच्यांना वाटतं. सोमवार महादेवाचा, मंगळवार आणि शुक्रवार अंबाबाईचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. जोतिबाला मानणाऱ्या कितीतरी घरांत रविवारही पाळतात. प्रत्येक घराचं पंचांग वेगळं आणि ते बहुतेक वेळा सासूकडून आलेलं. सरसकट मोकळा दिवस एकच, बुधवार. त्यामुळं फोनवर 'कधी येऊ?' न विचारता 'तुमच्यात वार कुठला चालतो?' असं विचारलं की जाणकार माणूस आला हे पलीकडं कळतं.

आता मटणाच्या जेवणाचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण भेटीची वेळ चुकली तर नुकसान कशाचं होतं हे त्याशिवाय कळत नाही. दहा माणसांना दोन किलो मटण. मांडी आणि सीना मिसळून, हाडं जरा जास्त, कारण रश्श्याची चव हाडांत असते. सकाळी सातपासून मटणाच्या दुकानापुढं रांग असते, त्या रांगेत घरातला जाणता पुरुष उभा असतो आणि हे काम तो दुसऱ्यावर सोपवत नाही. मटण घरी आलं की आधी अळणी, म्हणजे बिनतिखटाचं, शिजतं. थोड्या तेलावर कांदा, मग मटण, हळद, मीठ, आलं-लसणाचं वाटण. पातेल्यावर ताट, ताटात पाणी. मटणाला स्वतःचं पाणी सुटू द्यायचं आणि मग ताटातलं तापलेलं पाणीच आत घालत जायचं. गार पाणी घातलं की मटण आखडतं. कुकरला वीस मिनिटांत उरकतं, पण पातेल्यातल्या अळणीला जी चव येते ती कुकरला येत नाही, हे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं आणि ते खरं आहे. लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना वाटीभर अळणी आधीच मिळते. पाव्हणा वेळेवर आला तर त्यालाही.

त्या अळणीच्या पाण्याचे दोन भाग होतात. एकात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि घरची चटणी पडते, तो तांबडा. दुसऱ्यात तीळ, खसखस, काजू यांचं बारीक वाटण, खड्या मसाल्याची फोडणी आणि शेवटी नारळाचं दूध, तो पांढरा. तांबडा सोशिक असतो. तासभर पडून राहिला तरी चालतं, उलट कट वर येतो आणि चव बसते. पांढऱ्याचं तसं नाही. नारळाचं दूध घातल्यावर आच बारीक ठेवून सारखं ढवळत राहायचं, उकळी फुटू द्यायची नाही. उकळला की फाटला. वर पाणी, खाली चोथा. गार झालेला पुन्हा तापवताना तर हमखास फाटतो. बाराला येतो म्हणून दीडला पोचणारा पाव्हणा घरात पाऊल टाकतो तेव्हा आत्ती गॅसपाशी उभी असते आणि 'ये की, बस' म्हणतानाही तिचं लक्ष पळीकडं असतं. तिची अडचण ही आहे. जाणती बाई नारळाचं दूध बाजूला काढून ठेवते आणि पाव्हण्याची गाडी गल्लीत वळल्याशिवाय घालत नाही. तेव्हा निघताना एक आणि कोपऱ्यावर आल्यावर एक, असे दोन फोन करावेत.

ताटावर बसल्यावर नको म्हणण्याचीही पद्धत आहे. 'बास' हा शब्द तिथं ऐकूच जात नाही. वाटीवर हात आडवा धरावा लागतो, तोही गरम रस्सा पडायच्या बेतानं. भूक नसेल तर 'रस्सा वाढा, फोडी नको' म्हणावं. रस्सा चार वाट्या प्यायला की वाढणारीचं समाधान होतं, फोडींचा हिशेब कुणी ठेवत नाही. दुपारी एका घरी मटण झालेलं असताना रात्री दुसरीकडं पुन्हा मटण, हे मात्र टाळावं. ते होणारच नाही आणि झालं तर पोट बिघडेल. तिथं 'साधंच करा' हे सांगणं व्यर्थ आहे. साधं म्हणजे मटण, शिवाय एक गोड, असा त्याचा अर्थ लावला जातो. नाव घेऊन सांगावं. 'काकी, तुमच्या हातचा झुणका, खर्डा आणि ज्वारीची भाकरी.' नाव घेतलं की मान राहतो आणि पोटही.

पण जेवण हा भेटीतला बोलका भाग नव्हेच. ताटावर सगळे वाढण्यात आणि नको म्हणण्यात गुंतलेले असतात. जेवल्यावर हॉलमध्ये सोफ्यावर बसवतात, टीव्ही चालू असतो, मग विचारपूस होते. पगार, पोरांची शाळा, फ्लॅटचा हप्ता, 'तिकडं पाणी येतं काय रोज?' प्रश्नही ठरलेले, उत्तरंही. तासाभरानं उठताना कळतं की चुलतभावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही, आणि आपणही आपलं काही सांगितलं नाही. हॉलमध्ये खरं बोलणं होत नाही. समोरासमोर बसून, डोळ्यांत बघून कुणी घरातलं दुखणं सांगत नाही. हात कामात आणि मान खाली असली की आपोआप सांगतात.

म्हणून सोफा सोडून स्वयंपाकघरात जावं. तिथं पाट नसला तर फरशीवर बसावं आणि काहीतरी हातात घ्यावं. लसूण सोलायला मागावा. लसूण हे या कामाला सगळ्यांत चांगलं. ओंजळभर पाकळ्या सोलायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, नखं दुखतात, मान वर करायला लागत नाही आणि आवाज होत नाही. भुईमुगाच्या शेंगाही बऱ्या, पण त्या फोडताना आवाज होतो आणि पोरं येऊन दाणे पळवतात. पहिली दहा मिनिटं 'तू कशाला, ठेव ते' यात जातात. मग घरची बाई बोलायला लागते. थोरल्याचं लग्न का जमत नाही, सून माहेरी जाऊन महिना का झाला, डॉक्टरनं काय सांगितलं आणि ते घरात अजून कुणाला माहीत नाही. यात मध्येच सल्ला दिला की गोष्ट थांबते. 'मग?' एवढंच म्हणावं आणि पुढची पाकळी घ्यावी. सोळा घरं धावत करण्यापेक्षा दहा करावीत आणि त्यातल्या तिघांकडं लसूण सोलावा, असं माझं मत आहे. उरलेली सहा नाराज होतील. ती पुढच्या खेपेला पहिली धरावीत.

बोलण्याचा बाजही तिथंच परत येतो. पुण्या-मुंबईत राहून 'काय करतेयस?' म्हणायची सवय लागलेली जीभ दुसऱ्या लसणाला 'काय करालाईस?' वर येते. कोल्हापुरात बायका-पोरीही 'मी आलो, मी जातो' म्हणतात, आणि वर्षानुवर्षं बाहेर 'मी आले, मी जाते' म्हणणारी लेक स्वयंपाकघरात नकळत 'मी करतो की' म्हणून उठते तेव्हा काकी हसत नाहीत, त्यांच्या ते लक्षातही येत नाही. ते लक्षात न येणं हीच खूण. 'आलासा, बसा, काय म्हंतासा' हे मात्र बाहेरून येणाऱ्यानं मुद्दाम ओढून बोलू नये. लगेच कळतं, आणि मग नक्कल होते.

पुरुषांकडून बातमी काढायची तर स्वयंपाकघर उपयोगाचं नाही. तिथं संध्याकाळी गंगावेशीला दूध कट्ट्यावर जावं. डोळ्यांसमोर म्हशीची धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. दोघांनी ग्लास धरून, म्हशीकडं बघत, शेजारी शेजारी उभं राहायचं. इथंही तेच, डोळे दुसरीकडं. घरात तीन शब्द बोलणारे दाजी तिथं कर्जाचा आकडा सांगतात. कच्चं दूध पोटाला सोसत नसेल तर नुसतं सोबतीला जावं, तेही चालतं. आणि फुटबॉलचा हंगाम असेल, शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाची मॅच असेल, तर त्या दुपारी पेठेतल्या कुठल्याही पुरुषाची वेळ मागू नये. तिकीट काढून त्याच्याबरोबर जावं.

आत्तीच्या घरचं प्रकरण नाजूक. भाच्याला बघून तिच्या डोळ्यांत पाणी येतं ते नुसतं मायेचं नसतं, त्यात सातबारा असतो. महाराष्ट्रानं 1994 साली आणि देशानं 2005 साली वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतकाच हक्क दिला. बापाच्या पश्चात वारस नोंद करताना लेकींची नावं लागतात, आणि नावं लागली की हक्कसोडपत्राचा विषय निघतो. भाऊ गाडी करून येतो, नोंदणी कार्यालयात नेतो, सही होते, परतताना साडी घेतली जाते. बऱ्याच बहिणी मनापासून सही करतात, कारण माहेर तुटायला नको असतं. दुखतं ते पुढं. सही झाल्यावर पंचमीला न्यायला मुराळी यायचा बंद झाला, दिवाळीचा फोनही भाचा करतो, भाऊ नाही, असं झालं की ती बाई जमिनीचं नाव काढत नाही, पण 'आता काय, आमचं काम संपलं' असं एक वाक्य चहाबरोबर येतं. त्यावर खुलासा करत बसू नये. तिच्याकडं जेवायला थांबावं, ओटीचा खण आणि नारळ घेऊन जावं, आणि पंचमीला न्यायला कोण येणार हे तिथंच, तिच्यासमोर फोन लावून ठरवावं.

बाहेर राहणाऱ्यापुढं स्वतःच्याही सहीचा कागद येतो. त्याची वेळ ठरलेली असते. जेवण झाल्यावर, गाडीला तासभर असताना. 'काही नाही, नुसती सही कर, तलाठ्याकडं द्यायचंय.' भावकीतला कुणीही वाईट नसतो, कागद मात्र वाचल्याशिवाय चांगला नसतो. सातबारा महाभूलेखच्या वेबसाइटवर घरबसल्या दिसतो, तो येण्याआधी काढून ठेवावा. फेरफाराची नक्कल मागावी. आणि 'दाखव कागद' हे ताट वाढायच्या आधी म्हणावं, म्हणजे जेवल्या मिठाचा प्रश्न उभा राहत नाही.

गावाकडचं एक जेवण ठेवलंय, त्याची वेळ शहरासारखी लावली तर फसगत होते. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी त्याच सुमाराला गावात कुणी मोकळं नसतं. वैरण, शेण, धारा, मग किटली घेऊन डेअरी. त्या वेळी पोचलेल्या पाव्हण्याला चहा मिळतो, माणूस मिळत नाही. ऊसतोड चालू असेल तर चुलतभाऊ दिवसभर फडात असतो, टोळी मिळाली की ती हातची घालवता येत नाही. शेतीपंपाची लाईट त्या आठवड्यात रात्रीची असेल तर तो जेवणावरून उठून बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाणार. राग मानू नये. त्याच्याबरोबर जावं. बांधावर पाणी पाजत बसलेला माणूस दूध कट्ट्यावरच्यापेक्षाही जास्त बोलतो, आणि तिथं ऐकायला दुसरं कुणी नसतं.

कितीतरी घराण्यांत गाव आणि शहर अशा दोन शाखा कशा झाल्या हे याच बांधावर ऐकायला मिळतं. कुणाचा पणजोबा कुस्तीसाठी तालमीत येऊन राहिला, कुणाचा 1906 साली स्थापन झालेल्या शाहू मिलमध्ये लागला, कुणी शाहू महाराजांनी 1901 पासून काढलेल्या बोर्डिंगांपैकी एकात राहून शिकला आणि परत नांगराला गेला नाही. एकानं शिकायचं, दुसऱ्यानं जमीन बघायची, असं तेव्हा ठरलं. त्या ठरण्याचा हिशेब दोन्हीकडच्या नातवंडांत अजून वेगवेगळा सांगतात.

हे सगळं लिहून ठेवायचं असेल तर वंशावळीचा तक्ता घेऊन बसू नये, म्हातारी माणसं बिचकतात. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका मागाव्यात. पत्र्याच्या ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात गठ्ठा असतोच. एका पत्रिकेत काय काय असतं बघा. वर 'श्री जोतिबा प्रसन्न' म्हणजे कुलदैवत. 'मु. पो.' आणि तालुका म्हणजे मूळ गाव. आजोबांच्या नावामागं 'कै.' लागलं की त्या तारखेच्या आधी ते वारले. निमंत्रकांची नावं वयाच्या क्रमानं, आणि एखादा भाऊ त्यात नसला तर त्या वर्षी भांडण होतं असं समजावं. खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिमुकल्यांची नावं, तीही साधारण वयानुसार. पाच पत्रिकांत तीस वर्षांचं घराणं उभं राहतं. घोटाळा नावांचा होतो. नातवाला आजोबांचं नाव ठेवल्यामुळं एकाच नावाची तीन माणसं निघतात, आणि बायकांचं नाव लग्नात बदललेलं असलं तर माहेरच्या पत्रिकेत एक, सासरच्यात दुसरं. दोन्ही विचारून घ्यावीत. जन्मसाल विचारलं तर माहीत नसतं. त्यापेक्षा 'भूकंपाच्या आधी की नंतर?' विचारावं. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, मग 1972 चा दुष्काळ. या दोन खुंट्यांना बरीच माणसं टांगता येतात.

फोनवर आवाज टिपायचा तर पंखा बंद करावा, नाहीतर घरी जाऊन ऐकताना पंखाच ऐकू येतो. फोन स्टीलच्या ताटाशेजारी नको, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा आणि आपण टिपतोय हे आधी सांगावं. अर्ध्या तासाच्या वर म्हातारं माणूस दमतं. 'तुमच्या वेळी कसं होतं?' या प्रश्नाला 'काय सांगायचं बाबा' एवढंच उत्तर मिळतं. 'जुन्या घरात चूल कुठल्या भिंतीला होती?' असं विचारलं की आजी हातानं भिंत दाखवते, मग चुलीशेजारची उतरंड, मग उतरंडीमागं लपवलेले पैसे, मग ते कुणी चोरले ते. फोटो अल्बममधून ओरबाडून काढू नयेत, चिकटलेला कागद फाटतो. खिडकीपाशी, फ्लॅश न लावता, आहे तिथंच वरून टिपावेत आणि त्याच बैठकीत नावं लिहून घ्यावीत. पुढच्या खेपेला नावं सांगणारं कुणी असेलच असं नाही.

कधी यावं याबद्दल दोन शब्द. दिवाळीत येऊ नये, असं म्हटलं तर लोक हसतात. पण दिवाळीत जो तो दुसऱ्याकडं गेलेला असतो आणि निम्म्या दारांना कडी असते. जुलै-ऑगस्टात पावसाचा भरवसा नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. त्या दिवसांत कोल्हापूरचा कुठलाही फोन तब्येतीऐवजी फुटांनी सुरू होतो. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि आलेले पाव्हणे अडकले. तरीही जोखीम घ्यायची तर आषाढात यावं. मंगळवारी आणि शुक्रवारी एकेका गल्लीची त्र्यंबोली यात्रा निघते. पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोली देवीला, वाहतात, आणि मग गल्लीत पंगती. एरवी मंगळवार पाळणारं घरही त्या दिवशी मटणाचं पातेलं चढवतं. अशा एका रात्रीत वीस नातेवाईक एकाच ठिकाणी भेटतात, आणि कुणाकडं आधी गेला हा प्रश्नच राहत नाही.

परतताना सामान दुप्पट होतं, ते कसं न्यायचं हे आधी ठरवावं. चटणी तर येणारच. उन्हाळ्यात डंकावरून कांडून आणलेली, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीची, कांदा-लसूण घातलेली. तिच्यात कांदा नीट वाळवून-तळून घातलेला नसेल तर ओल राहते आणि दोन महिन्यांत बुरशी धरते. घरी पोचल्या-पोचल्या पिशवीतून काढून कोरड्या बरणीत दाबून भरावी, वर हिंगाचा खडा ठेवावा आणि ओला चमचा घरातल्या कुणालाही घालू देऊ नये. विमानानं जायचं असेल तर ती हातातल्या बॅगेत नको, चेक-इनच्या बॅगेत. काकवी हा खरा धोका. गुऱ्हाळावरून गरम भरून आणलेली बाटली झाकण घट्ट लावून कपड्यांत घातली की आत वाफेची ओल धरते, आणि गळली तर सातारा यायच्या आत शर्टांना चिकटते. पूर्ण गार झाल्यावर भरावी, वर दोन बोटं जागा सोडावी, बाटली उभी ठेवावी. गुळाला एवढं लागत नाही. किलोची ढेप वर्तमानपत्रात गुंडाळली की पोचते, फक्त मुंग्यांच्या वाटेवर ठेवू नये.

आणि निघणं. 'निघतो' म्हटल्यापासून गाडी सुरू होईपर्यंत अर्धा तास धरावाच लागतो, आणि तो वेळापत्रकात कुणी धरत नाही. आधी देवापुढं सुपारी, मग ओटी, मग पाया पडणं. पोरांच्या हातात पैसे कोंबायचे ते पायताण घालताना, म्हणजे परत द्यायला दुसऱ्या बाजूला फार वेळ मिळत नाही. मग सगळे दारात. मग गेटपाशी. तिथं, एक पाय गाडीत असताना, आत्ती खिडकीला हात लावून वाकते आणि जे चार तास बोलली नाही ते हळू आवाजात सांगते, गुडघ्याचं, सुनेचं, किंवा नुसतंच, "परत लवकर ये, मला काय आता फार..." तेवढ्यात मागून भाऊ हॉर्न वाजवतो, महालक्ष्मीला पाऊण तास राहिलेला असतो, आणि कुणीतरी आतून ओरडतं, "अगं, चटणीचा डबा राहिला की!" गाडी बंद होते. डबा आणायला पोरगं आत पळतं, आणि आत्तीला आणखी दोन मिनिटं मिळतात.